सांगलीतील एका घर-कार्यालयाचा वायरलेस प्रिंटर: उपकरण निवडीचा प्रकरण अभ्यास

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका दुमजली घरात, तळमजल्यावरच्या रस्त्याकडील सोप्यात, एक कर सल्लागार बाई आपले कार्यालय चालवतात. आयकर विवरणपत्रे आणि जीएसटीची मासिक कामे हा त्यांचा व्यवसाय. त्यामुळे दर महिन्याच्या ११ आणि २० तारखांच्या आगेमागे आणि जुलैच्या अखेरीस त्यांच्या टेबलासमोर माणसांची आणि टेबलावर कागदांची एकदमच गर्दी होते. साधने फार नाहीत: एक लॅपटॉप आणि शाईच्या टाक्या असलेला, स्कॅन व झेरॉक्स करणारा एक इंकजेट प्रिंटर. दोन्ही वायफायवर. तक्रारही एकच होती आणि ती त्यांनी फोनवर एका दमात सांगितली: "प्रिंटर मधेच ऑफलाइन दाखवतो हो. बंद करून चालू केला की चालतो, पण क्लायंट समोर बसलेला असताना किती वेळा उठायचं? आता एकदाचा चांगला राउटर सांगा, घेऊन टाकते."

प्रश्न 'कोणता राउटर घेऊ' असा होता, आणि दुकानात तो तसाच विचारला गेला असता तर उत्तरही खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर बोट ठेवून मिळाले असते. माझे मत असे की लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्या जोडणीत सर्वांत अशक्त घटक प्रिंटरचा रेडिओ असतो, आणि उपकरणाची निवड त्याच्या कुवतीकडे व घराच्या भिंतींकडे पाहून व्हायला हवी.

आधी झालेला खर्च

या तक्रारीपायी मी जाण्यापूर्वी तीनदा पैसे मोडले होते, आणि तिन्ही खर्च कशाकरता वाया गेले हे समजून घेतल्यावरच पुढची निवड करता आली.

पहिला खर्च इंटरनेटच्या योजनेवर झाला होता. सेवा पुरवठादाराच्या माणसाने ५० एमबीपीएसची योजना १५० वर नेण्याचा सल्ला दिला आणि तो बाईंनी मानला. वेबसाइटी भराभर उघडू लागल्या, प्रिंटरची वागणूक तशीच राहिली, आणि ते अपेक्षितच होते. लॅपटॉपने छापायला दिलेले पान घराबाहेर जातच नाही. ते लॅपटॉपच्या रेडिओतून राउटरकडे आणि राउटरकडून पुन्हा हवेतूनच प्रिंटरकडे येते. एकाच पानाचा घरातल्या घरात असा दोनदा प्रवास होतो आणि बाहेरून येणाऱ्या फायबरच्या वेगाचा त्यात कुठेच संबंध येत नाही. इंटरनेट बंद पडलेले असले तरी अशा जोडणीवर प्रिंट निघालीच पाहिजे. (फोनवरून प्रिंटर कंपनीच्या सर्व्हरमार्फत छापण्याची सोय हा अपवाद, पण ती या घरात वापरात नव्हती.)

दुसरा खर्च बोटाच्या पेराएवढ्या एका यूएसबी वायफाय डाँगलवर झाला होता. 'लॅपटॉपची रेंज कमी आहे' या निदानावर तो विकला गेला. प्रत्यक्षात लॅपटॉपच्या आतले कार्ड २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वायफायच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारे, ८०२.११एसी (म्हणजे वायफाय ५) मानकाचे होते. डाँगल मात्र एकाच पट्ट्यावरचा, एका अँटेनाचा, १५० एमबीपीएसचा. म्हणजे पैसे देऊन क्षमता कमी झाली होती. त्यात आणखी एक गोम होती. डाँगलला खेटून असलेल्या दुसऱ्या यूएसबी खाचेत बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असे, आणि ती यूएसबी ३.० होती. यूएसबी ३.० च्या वायरी व कनेक्टर काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडले होते. कमी अंतरावरच्या लहानशा अँटेनाला तो गोंगाट चांगलाच बाधतो. बाई रोज संध्याकाळी काम आवरताना बॅकअप लावत, आणि 'संध्याकाळी त्रास जास्त होतो' या त्यांच्या निरीक्षणाचा निदान एक भाग तिथे उलगडला. डिस्क सुरू करून वायफायचा सिग्नल पाहिला, मग ती काढून पुन्हा पाहिला, तेव्हा फरक डोळ्यांना दिसत होता. डाँगल काढून टाकला आणि आतले कार्ड पुन्हा चालू केले. एवढ्यावर लॅपटॉपची बाजू बरीच सुधारली, प्रिंटरची नाही.

तिसरा खर्च जिन्याच्या वळणावरच्या प्लगमध्ये खोचलेल्या रिपीटरचा. त्याविषयी पर्यायांच्या चर्चेत लिहितो, कारण ही वस्तू आपल्याकडे सर्रास घेतली जाते आणि तिचे गुणदोष तपशिलात पाहण्यासारखे आहेत.

दोषाचे तीन धागे

प्रिंटरचे यंत्र ठीक आहे ना, हे आधी यूएसबी केबलने थेट जोडून पाहिले. पानामागून पान बिनतक्रार निघाले. मग दोष जोडणीतच होता.

फायबरचा ओएनटी, म्हणजे ज्याला घरात सगळे 'राउटर' म्हणतात तो पांढरा डबा, माडीवरच्या हॉलमध्ये होता. केबल खांबावरून गच्चीवर आणि गच्चीवरून खाली आली, आणि जिथे ती पहिल्यांदा घरात शिरली तिथेच माणसाने डबा ठोकला. कार्यालय मात्र खाली, घराच्या विरुद्ध टोकाला. दोहोंच्या मध्ये सळ्यांनी भरलेला स्लॅब, स्वयंपाकघरातली स्टीलची मांडणी, फ्रिज आणि नऊ इंची विटांची भिंत. फोनवर वायफाय मोजणारे ॲप चालू ठेवून घरभर फिरलो. ओएनटीपाशी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ३८ डीबीएम होता (हे शक्तीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला), जिन्याच्या वळणावर उणे ६१, आणि प्रिंटरच्या झाकणावर फोन ठेवला तेव्हा उणे ७९ ते उणे ८२ च्या दरम्यान हेलकावे खात होता. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल कार्यालयात पोहोचतच नव्हता. हे मोजमाप लघुगणकी असते, दर १० डीबीएमला शक्ती दहापटीने घटते, त्यामुळे उणे ३८ आणि उणे ७९ यांतला फरक कागदावर ४१ दिसला तरी प्रत्यक्षात शक्ती दहा हजारपटीहूनही अधिक घटलेली असते. स्थिर कामासाठी सिग्नल उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला असावा असा संकेत आहे. उणे ८० वर जोडणी नावापुरतीच राहते.

त्यावर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १३ चॅनेल वापरता येतात, पण ती एकमेकांपासून केवळ ५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्झ असते. परिणामी एकमेकांवर न चढणारी चॅनेल रूढ मांडणीत तीनच उरतात: १, ६ आणि ११. या घरातला ओएनटी कारखान्यातून आला तसाच ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर ठेवलेला होता. ही रुंदी मोकळ्या माळावर शोभते. जिथे चारही बाजूंना वायफाय आहे तिथे ती लावणे म्हणजे दोघांची जागा अडवून बसणे, आणि मग प्रत्येकाचेच धक्के खाणे.

तिसरा धागा सर्वांत फसवा होता, कारण सिग्नलशी त्याचा काहीच संबंध नव्हता. ओएनटी घरातल्या प्रत्येक उपकरणाला आपोआप एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ओळखण्याचा क्रमांक, देतो. लाइट गेली आणि आली की ओएनटी कुणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरतो, आणि जो आधी जागा होईल त्याला आधी पत्ता मिळतो. लॅपटॉपमधल्या विंडोजमध्ये हा प्रिंटर दोनदा नोंदलेला होता, एकदा मूळ नावाने आणि एकदा 'कॉपी १' म्हणून. मूळ नोंदीच्या पोर्टमध्ये, म्हणजे पाने कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये, १९२.१६८.१.७ हा पत्ता होता. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर मेनू उघडून पाहिले तर त्याचा चालू पत्ता ९ वर संपत होता. मग ७ कुणाकडे? ओएनटीच्या यादीत शोधल्यावर कळले की तो पत्ता बाईंच्या मुलाच्या फोनकडे गेला होता. विंडोज मुकाट्याने विवरणपत्राची पाने त्या फोनकडे पाठवायला बघत होते आणि उत्तर येत नाही म्हणून प्रिंटर ऑफलाइन ठरवत होते. दुसरी नोंद डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर होती, जी पत्ता लक्षात न ठेवता प्रिंटरने नेटवर्कवर दिलेल्या हाकेवर अवलंबून असते. प्रिंटर बंद करून चालू केला की तो नव्याने हाक देतो, म्हणून ती नोंद तेवढ्यापुरती जिवंत होई. 'रिस्टार्ट केला की चालतो' याचा अर्थ इतकाच होता.

पर्याय आणि त्यांची छाननी

खरे तर पहिला पर्याय दोन मीटरची यूएसबी केबल हाच असतो. लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच टेबलावर कायमचे असतील, दुसरे कुणी छापत नसेल, तर वायफायच्या भानगडीत पडण्याचे कारण नाही. ५ मीटरपर्यंत ही केबल विनातक्रार चालते आणि तिला पासवर्ड लागत नाही. अनेक घरांत मी तेवढेच सांगून परत येतो. इथे ते बसत नव्हते. बाई महत्त्वाच्या क्लायंटकडे लॅपटॉप घेऊन जातात, आल्यावर कुठेही बसून काम करतात, आणि घरातली इतर मंडळी फोनवरून छापतात.

'जास्त अँटेनांचा, जास्त ताकदीचा' राउटर माडीवर बसवावा, ही सर्वांत लोकप्रिय सूचना. ती दोन कारणांनी टिकत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला, पण तेव्हापासूनच प्रक्षेपणाच्या ताकदीला कायद्याने मर्यादा आहे. महागडा राउटर ती ओलांडू शकत नाही. आणि ओलांडली असती तरी उपयोग नव्हता, कारण वायफाय हे दुतर्फा बोलणे आहे. राउटरचा आवाज स्लॅबपलीकडे पोहोचला, तरी माहितीच्या प्रत्येक तुकड्याची, म्हणजे पॅकेटची, पोच प्रिंटरच्या इवल्याशा रेडिओला तेवढेच अंतर कापून परत द्यायची असते. ती पोहोचली नाही की राउटर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि प्रिंट मात्र अर्ध्या पानावर थांबते, ती अशा वेळी.

आता रिपीटर. जिन्यावरचा तो डबा एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणून त्याच्यामागची क्षमता फार तर निम्मी उरते. छपाईला वेग फारसा लागत नसल्याने हे एक वेळ चालले असते. पण बरेच स्वस्त रिपीटर आपल्यामागच्या उपकरणांची मूळ ओळख, म्हणजे मॅक पत्ता, पुढे न पाठवता स्वतःचाच पत्ता पुढे करतात. मुख्य राउटरला मग रिपीटर, प्रिंटर आणि फोन हे सारे एकाच तोंडाचे दिसतात, आणि 'या प्रिंटरला कायम हाच पत्ता द्यायचा' अशी नोंद राउटरवर करण्याची वाटच बंद होते. शिवाय त्याने मूळ नावाला शेपूट जोडून दुसरे नेटवर्क तयार केले होते. लॅपटॉप कधी या नावावर तर कधी त्या, जिथे सिग्नल बरा वाटेल तिथे उडी मारत होता. मी तो काढून बाजूला ठेवला आणि बाईंनी तो दुकानदाराला परत करण्याचा विचार बोलून दाखवला. तो त्याने परत घेतला की नाही ते मी विचारले नाही.

दोन डब्यांचा मेश संच, म्हणजे मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे डबे, हा सभ्य पर्याय होता. त्याचे दोन्ही डबे एकमेकांशी वायरने जोडता येत असतील तर तो उत्तम चालतो. पण वायर टाकायचीच असेल तर निम्म्या किमतीचा साधा राउटरही तेच काम करतो. आणि वायरशिवाय ठेवला तर दोन डब्यांनाही त्याच स्लॅबमधून बोलावे लागते. आणखी एक अडचण अशी की अनेक मेश संच दोन्ही पट्ट्यांना सक्तीने एकच नाव देतात. जुना प्रिंटर जोडताना तेच नडते. विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणाऱ्या ॲडाप्टरांचा विचार लगेच सोडला, कारण घराला थ्री फेज जोडणी आहे, माडी एका फेजवर आणि कार्यालय दुसऱ्या, आणि मध्ये इन्व्हर्टरचे वेगळे सर्किट. अशा वायरिंगवर या वस्तूंची खात्री देता येत नाही.

उरला तो मार्ग दिसायला सर्वांत अनाकर्षक: माडीवरच्या ओएनटीपासून कार्यालयापर्यंत एक कॅट ६ (नेटवर्कची) केबल टाकायची, आणि खाली दोन्ही पट्ट्यांवर चालणारा साधा ड्युअल बँड राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेले नेटवर्क फक्त हवेत पसरवण्यासाठी, बसवायचा. स्लॅब ओलांडण्याचे काम तांब्याकडे, आणि हवेतून जायचे अंतर खोलीच्या रुंदीइतके. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो 'भिंत फोडावी लागेल का' हा. लागली नाही, जिन्याच्या कडेने पीव्हीसी पट्टी मारून काम झाले.

उपकरण कसे निवडले

दुकानातल्या खोक्यांवर एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३००० असे आकडे असतात. ही दोन्ही पट्ट्यांच्या सैद्धांतिक वेगांची बेरीज आहे. एसी १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७, गोळाबेरीज करून; एएक्स १५०० म्हणजे ३०० आणि १२०१. कोणतेही एक उपकरण एका वेळी एकाच पट्ट्यावर असल्याने ही बेरीज कुणाच्याच वाट्याला येत नाही. आपला प्रिंटर तर २.४ वर, २००९ च्या ८०२.११एन मानकाने, एका अँटेनावर बोलतो. २० मेगाहर्ट्झ रुंदीवर त्याची कमाल जोडणी ७२ एमबीपीएसची. दुकानात मिळणारे बरेच घरगुती इंकजेट याच मानकावर आहेत. काही एमबीच्या फाइलला हा वेग पुरून उरतो, फक्त तो अखंड मिळाला पाहिजे.

मी त्याऐवजी पाहिले ते हे. राउटरला ॲक्सेस पॉइंट मोड हवा, म्हणजे तो स्वतः पत्ते वाटणार नाही. हा मोड न लावता राउटर तसाच ओएनटीला जोडला तर खाली एक स्वतंत्र नेटवर्क तयार होते, माडीवरच्या फोनला खालचा प्रिंटर दिसत नाही, आणि नवीच तक्रार जन्माला येते. दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे देता आली पाहिजेत, २.४ ची रुंदी २० वर आणि चॅनेल ठरावीक ठेवता आले पाहिजे. केबलची पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, हवीत. एसी १२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांची पोर्ट १०० एमबीपीएसचीच असतात, आणि ही गोष्ट खोक्यावर समोर न छापता बाजूला बारीक अक्षरात '१०/१००' म्हणून दिलेली असते. १५० ची योजना घेतलेल्या घरात तिथेच ५० वाया गेले असते. ॲडाप्टर १२ व्होल्टचा असावा, कारण बाजारात मिळणारे राउटरचे छोटे डीसी यूपीएस बहुधा त्याच व्होल्टेजचे असतात. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक असावा. आणि उत्पादक फर्मवेअरच्या, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या, सुधारणा अजून देत आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे पान उघडून पाहावे. शेवटची अट लोक गाळतात, आणि मला ती अँटेनांच्या संख्येपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते.

वायफाय ५ (खोक्यावरचे 'एसी') घ्यावे की ६ ('एएक्स'), यावर थोडी घासाघीस झाली. या दोन उपकरणांपैकी एकालाही वायफाय ६ येत नव्हते. तरी तीन हजार रुपयांच्या आसपासचा एएक्स १५०० घेतला, तो वेगासाठी नाही, तर सुरक्षेच्या सुधारणा अधिक वर्षे मिळण्याची शक्यता नव्या मॉडेलला असते म्हणून. मात्र त्यात एक पथ्य पाळले: २.४ चा रेडिओ बी-जी-एन या जुन्या मानकांच्या मोडवर ठेवला. एएक्स मोड चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरवरच्या काही वायफाय कार्डांना ते नेटवर्क दिसतच नाही, हे इंटेलच्या जुन्या कार्डांबाबत चांगलेच अनुभवास आलेले आहे.

बाईंनी विचारले, प्रिंटरच नवा घेतला तर? नवा घ्यायचा झाल्यास मागे इथरनेटची (नेटवर्क केबलची) खाच असलेला घ्या, एवढेच मी सांगितले. तशा प्रिंटरला वायफाय लागतच नाही. चालू प्रिंटर चांगला होता, टाक्या भरलेल्या होत्या, बदलण्याचे कारण नव्हते.

जोडणी

केबल साधारण १८ मीटर लागली. ती घेताना 'प्युअर कॉपर' विचारून घेतली, आणि टोक सोलून ब्लेडने तार खरवडून पाहिली. आतून चांदीसारखी चकाकली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते, क्रिम्पिंगमध्ये (टोकाला कनेक्टर दाबून बसवताना) ठिसूळ होते आणि वर्षभरात सांध्यात दगा देते. विजेच्या पाइपापासून ती वेगळी नेली. गिगाबिटसाठी आठही तारा लागतात. एखादी जरी नीट दाबली गेली नाही तरी जोडणी बरेचदा निमूटपणे १०० वर उतरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. इथे पहिल्या क्रिम्पिंगनंतर तसेच झाले, पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी लागला. टोक कापून पुन्हा क्रिम्प केले.

माडीवरचा ओएनटी चॅनेल १ वर आणि खालचा ॲक्सेस पॉइंट चॅनेल ११ वर, दोन्ही २० मेगाहर्ट्झ. खाली दोन नावे दिली, एक प्रिंटरसाठी २.४ चे आणि एक लॅपटॉपसाठी ५ चे. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ ठेवले. मधली काही चॅनेल रडारशी सामायिक असतात, रडारचा संशय आला की राउटरला ती तत्काळ सोडावी लागतात, आणि तेवढ्यात लॅपटॉपची जोडणी तुटते. नावे दोन असली तरी नेटवर्क एकच, त्यामुळे लॅपटॉप ५ वरून बोलतो आणि प्रिंटर २.४ वर ऐकतो. 'एपी आयसोलेशन' नावाची सोय बंद असल्याची खात्री केली, कारण ती चालू असल्यास वायफायवरची उपकरणे एकमेकांना दिसत नाहीत आणि गेस्ट नेटवर्कवर तर ती बहुधा आधीपासून चालूच असते.

वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२, आणि माहिती सांकेतिक करण्याची पद्धत एईएस. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चे मानक अधिक भक्कम आहे, पण या प्रिंटरला ते येत नाही, आणि दोन्ही एकत्र चालवणाऱ्या मिश्र मोडवर त्याच्यासारखी काही जुनी उपकरणे जोडताना अडखळतात. ५ च्या नावावर मात्र मिश्र मोड ठेवला, लॅपटॉपला चालत होता. टीकेआयपी, ही एईएसच्या आधीची जुनी पद्धत, कुठेही ठेवली नाही. ती असली की एन-जोडणी थेट ५४ एमबीपीएसवर घसरते आणि सुरक्षाही कच्ची राहते. डब्ल्यूपीएसचे बटण दाबून प्रिंटर जोडणे सोयीचे असले तरी त्याच्या पिन पद्धतीतली त्रुटी २०११ पासून जाहीर आहे, म्हणून पासवर्ड प्रिंटरच्या पडद्यावर एकेक अक्षर टिपून घातला. वेळखाऊ काम आहे, पण एकदाच करायचे.

मग पत्त्याचा प्रश्न. ओएनटी १०० ते २०० मधले पत्ते वाटेल असे ठरवले, ॲक्सेस पॉइंटला १९२.१६८.१.२ आणि प्रिंटरला १९२.१६८.१.५० हा पत्ता त्याच्या स्वतःच्या मेनूत कायमचा लिहिला. राउटरवर राखीव नोंद करण्याची पद्धत अधिक सुटसुटीत असते, पण ओएनटी पुरवठादाराच्या मालकीचा. तो कधी बदलेल आणि त्यातल्या नोंदी कधी पुसल्या जातील याचा भरवसा नाही. विंडोजमधल्या प्रिंटरच्या दोन्ही नोंदी काढल्या आणि 'स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट' घेऊन ५० च्या पत्त्यावर एकच नोंद केली. त्या पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' अशी एक चौकट असते; तिच्यामुळे विंडोज प्रिंटरकडे त्याच्या स्थितीची चौकशी करते. घरगुती प्रिंटर त्या चौकशीला नीट उत्तर देत नाहीत, आणि यंत्र जागे व जोडलेले असतानाही विंडोज त्याला ऑफलाइन समजते. ती खूण काढली. या एका चौकटीने किती घरांत नवे राउटर विकले गेले असतील कुणास ठाऊक. लॅपटॉपच्या वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगीही काढून घेतली.

ओएनटी आणि ॲक्सेस पॉइंट यांना एकेक छोटा डीसी यूपीएस लावला. इन्व्हर्टर असूनही हे का, तर इन्व्हर्टर बदलीवर येतानाच्या क्षणभराच्या खंडातही काही राउटर रिस्टार्ट होतात. प्रिंटर इन्व्हर्टरवरच ठेवला; इंकजेटला वीज थोडी लागते. लेसर असता तर ठेवला नसता, त्याचा तापणारा रूळ एकदम मोठा भार ओढतो.

त्यानंतर

प्रिंटरच्या झाकणावर फोन ठेवून पुन्हा मोजले तेव्हा सिग्नल उणे ४६ च्या आसपास स्थिर होता. आधीच्या उणे ७९ शी तुलना केली तर सुमारे दोन हजारपट शक्ती. लॅपटॉपवरून प्रिंटरच्या पत्त्यावर अखंड पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी विचारणा, चालू ठेवून मेन स्विच पाडला आणि पुन्हा चढवला. नेटवर्क उभेच राहिले, प्रिंटर इन्व्हर्टरवर येताना एकदा विझला आणि स्वतःहून त्याच पत्त्यावर परत आला. जुलैअखेरची गर्दी त्याच जोडणीवर पार पडली. एक गोष्ट सुटली नाही: प्रिंटर बराच वेळ निजला असेल तर पहिले पान यायला अर्धा-पाऊण मिनिट लागते. ती त्याच्या झोपेची सेटिंग आहे आणि ती पूर्ण बंद करण्याची सोय त्या मॉडेलमध्ये नाही.

पुढे दिवाळीनंतर ओएनटी बिघडला आणि पुरवठादाराने तो बदलून दिला. नव्या डब्याची पत्त्यांची मालिका वेगळी होती, १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.० ची; इंटरनेट चालू झाले पण प्रिंटर लॅपटॉपला दिसेना. बाईंनी फोन केला तेव्हा मी कोल्हापुरात होतो. त्यांना फोनवरच ओएनटीच्या आत जायला लावले, लॅनचा पत्ता जुन्यासारखा १९२.१६८.१.१ करायला सांगितला, वाटपाची मर्यादा पुन्हा १०० ते २०० ठेवली आणि लॅपटॉपचे वायफाय एकदा तोडून जोडायला लावले. खालच्या ॲक्सेस पॉइंटला किंवा प्रिंटरला हात लावावा लागला नाही, आणि अडकून पडलेली एका क्लायंटची चलने फोन चालू असतानाच छापून निघाली.